रात्री पावणेअकराची सही

सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तयार माल गेटबाहेर पडायला एक सही लागते. मापं घेऊन झाली, रिपोर्ट भरला, खोकी बांधून गाडीत चढली, तरी ती सही नसेल तर गाडी हलत नाही. आमच्याकडे ही सही एकाच माणसाची होती. तो माणूस संध्याकाळी साडेसहाला घरी जायचा आणि सही त्याच्या मागोमाग फोनवरून त्याच्या घरी पोचायची. हे प्रकरण त्या माणसाचं. थोडंसं माझंही, कारण नऊ महिने मी त्यांची मेंटॉर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शक, होते आणि त्यातले पहिले दोन महिने मी वाया घालवले.

त्यांचं नाव इथे येणार नाही. शॉपवर, म्हणजे कारखान्यात, सगळे त्यांना 'साहेब' म्हणतात, मीही तेच म्हणते. हा मजकूर त्यांना आधी वाचायला दिला होता. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली (सवय जात नाही) आणि ओळख पटेल असे तपशील काढायला लावले.

पार्श्वभूमी

साहेब 38 वर्षांचे. त्यातली 12 वर्षं इन्स्पेक्शनमध्ये, हातात गेज, म्हणजे मापं तपासायचं साधन, धरून. आधीचे प्रमुख सोडून गेले तेव्हा क्वालिटी विभाग यांच्याकडे आला. हाताखाली 11 माणसं, तीन शिफ्ट. घरी नोकरी करणारी बायको आणि आठ वर्षांची मुलगी.

बढतीला दीड वर्ष झालं आणि एचआरनं मेंटॉरिंगचा कार्यक्रम काढला. त्यात एक नियम चांगला होता: मेंटॉर दुसऱ्या विभागातला हवा आणि मेंटीची पगारवाढ त्याच्या हातात नसावी. मी परचेसमध्ये, नोकरीची 26 वर्षं झालेली, म्हणून साहेब माझ्या वाट्याला आले. महिन्यातून एक भेट, तासभराची. फॉर्मवर 'उद्दिष्ट' असा रकाना होता. त्यात साहेबांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'वेळेचं नियोजन सुधारणे'. रात्री तीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडतो, हे असल्या फॉर्मवर कोण लिहील?

पहिले दोन महिने

पहिल्या भेटीत मी बोलले आणि त्यांनी ऐकलं. माझी मुलं लहान होती तेव्हा मी कशी तारेवरची कसरत केली, कामाची यादी कशी करायची, नाही म्हणायला कसं शिकायचं. ते मान हलवत होते. मला वाटलं, छान चाललंय. आता कळतं की हाताखालचा माणूस वरिष्ठासमोर हलवतो तशी ती मान होती.

दुसऱ्या भेटीत ते जरा मोकळे झाले. म्हणाले, "मॅडम, घरी असतो पण घरी नसतो." मी ताबडतोब इलाज सांगितला. रात्री आठनंतर फोन सायलेंट करा. जग बुडत नाही.

जग बुडालं नाही, पण गाडी अडकली. पुढच्याच आठवड्यात एका रात्री माल चढून तयार होता, ड्रायव्हर सीटवर बसलेला, आणि साहेबांचा फोन सायलेंटवर. शिफ्ट इन्स्पेक्टरनं नऊ वेळा लावला. गाडी सकाळी साडेसातला सुटली. पुढे ग्राहकाची उत्पादनाची लाइन थांबता थांबता वाचली. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर साहेबांना विचारलं गेलं, "झोपला होतात का?"

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ही गोष्ट मला तिसऱ्याच माणसाकडून कळली. सल्ला देणारी मी आणि बोलणी खाणारे ते. मेंटॉरिंगबद्दल जे गोड गोड लिहिलं जातं त्यात हा धोका क्वचित सांगितलेला असतो: मेंटॉरच्या सल्ल्याची किंमत मेंटी चुकवतो.

मी काय चुकले हे शोधायला मला जुन्या अभ्यासाकडे जावं लागलं. रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 साली मांडलेलं एक साधं निरीक्षण आहे. कामाचा बोजा जास्त असला म्हणून माणूस मोडतोच असं नाही. बोजा जास्त आणि ते काम कसं, केव्हा, कोणत्या क्रमानं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, अशी जोडी जमली की ताण बसतो. बोजा जास्त पण मुभाही जास्त असेल तर तोच माणूस कामातून शिकत जातो. जेफ्री जॉन्सन आणि एलन हॉल यांनी 1988 मध्ये यात तिसरी बाजू जोडली, आधाराची: सोबतीला कोणी आहे की माणूस एकटाच पडलाय?

हे वाचल्यावर उजेड पडला. मी साहेबांचा बोजा कमी करायला निघाले होते. गाड्या रात्रीच सुटणार हे प्लॅनिंग ठरवतं, माल कधी तयार होणार हे प्रॉडक्शन, आणि माल परत आला तर जबाब द्यायला मात्र साहेब. त्यांच्या हातात होतं काय? फोन उचलणं किंवा न उचलणं. आणि मी त्यांना तेवढ्याच एका बाबतीत सल्ला दिला होता.

वही

तिसऱ्या भेटीत मी आधी माफी मागितली. मग म्हटलं, आता पंधरा दिवस काही बदलू नका, फक्त लिहा. घरी गेल्यावर आलेला प्रत्येक फोन: वेळ, कोणाचा, कशासाठी, तुम्ही काय उत्तर दिलंत. नोंदी ठेवणं हा त्यांचा धर्मच, त्यामुळे हे काम त्यांनी मन लावून केलं. त्यांनी वही आणली तीच मुळी पाच रकाने आखून. पाचवा रकाना त्यांचा स्वतःचा होता, 'मी घरी काय करत होतो'.

14 रात्रींत 47 फोन. आम्ही दोघांनी बसून त्यांची वर्गवारी केली. 31 फोन नुसत्या रिलीजसाठी, म्हणजे माल सोडायच्या परवानगीसाठी होते. माल ड्रॉइंगप्रमाणे, सगळी मापं टॉलरन्समध्ये (चालेल इतक्या फरकाच्या मर्यादेत), फक्त 'ओके' हवं. 9 फोनमध्ये विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक होतं, त्याला दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते ऐकायचं होतं. 5 वेळा खरोखर निर्णय घ्यायचा होता. उरलेले 2 चुकून लागलेले.

रिलीज कसं व्हायचं तेही वहीतून कळलं. इन्स्पेक्टर रिपोर्टचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवणार. साहेब जेवणाच्या टेबलावर चष्मा कपाळावर चढवून, बोटांनी फोटो मोठा करून बघणार. फोटो बहुतेक वेळा हललेला. मग 'ओके रिलीज' असं टाइप करणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर आदल्या रात्रीची तारीख टाकून सही करणार.

"फोटोत तुम्हाला नक्की काय दिसतं?" मी विचारलं.

"आकडे दिसतात."

"माल?"

ते गप्प झाले. बारा वर्षं इन्स्पेक्शन केलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायची गरज नसते. सुरुवातीपासून त्यांना हे माहीत होतं. रात्रीच्या त्या सहीनं मालाची गुणवत्ता तसूभरही वाढत नव्हती. वाढत होती ती फक्त सही करणाऱ्याची जागरणं.

पाचव्या रकान्याबद्दल त्या दिवशी आम्ही बोललो नाही. पण मी तो वाचला होता. 'जेवत होतो.' 'जेवत होतो.' 'मुलीशी बोलत होतो.' 'काही नाही, फोन येईल म्हणून बसलो होतो.' हे शेवटचं वाक्य 14 पैकी 6 रात्री होतं.

फोन न येता नुसतं फोनची वाट बघत बसणं, यालाही किंमत पडते. जर्मन संशोधकांनी 2016 मध्ये हे मोजून पाहिलं होतं. कामाच्या वेळेबाहेर उपलब्ध राहावं लागतं अशा दिवसांनंतर सकाळी उठताना माणसाचं मन जास्त अस्वस्थ असतं आणि कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरकही जास्त वर गेलेलं दिसतं. हजेरीपत्रकावर असा वेळ 'घरी' म्हणून लागतो, शरीर मात्र तो ड्यूटीत धरतं.

सही कोणाची

इथून पुढे काम सरळ होईल असं मला वाटलं. 31 फोन बंद करायचे तर शिफ्ट इन्स्पेक्टरला सहीचा अधिकार द्यायचा, झालं. मी हे बोलून दाखवलं आणि साहेबांचा चेहरा कडक झाला.

"ते जमणार नाही, मॅडम."

का जमणार नाही, हे कळायला अख्खी भेट गेली. बढतीच्या आधीची गोष्ट. एका इन्स्पेक्टरनं घाईत लॉट, म्हणजे मालाची एक खेप, सोडला, ग्राहकाकडे भोकं जुळेनात, सगळा माल परत. चौकशी झाली तेव्हा ज्यानं मापं घेतली होती तो माणूस, म्हणजे साहेब स्वतः, तीन तास उभा राहून उत्तरं देत होता. मापं बरोबर होती. चुकीचा लॉट चढला होता. पण ते तीन तास ते विसरले नव्हते. प्रमुख झाल्यावर त्यांनी पहिला कोणता बदल केला असेल? रिलीजची सही आधी तिघांकडे होती, ती त्यांनी एकट्याकडे घेतली.

म्हणजे मुभा फक्त वरच्यांनी अडवलेली नव्हती. थोडी त्यांनी स्वतःच कुलपात घातली होती आणि किल्ली उशाशी घेऊन झोपत होते. ताणाच्या बहुतेक प्रकरणांत वाईट वागणारा एक वरिष्ठ आणि सोसणारा एक कर्मचारी अशी मांडणी असते. इथे तसं नव्हतं, आणि माझा अनुभव असा की पुष्कळ ठिकाणी तसं नसतं.

कॅथी क्रॅम यांनी 1980 च्या दशकात मेंटॉरिंगचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत मेंटॉरची कामं दोन गटांत पडतात. एक नोकरीच्या वाटेशी संबंधित: शिफारस करणं, शिकवणं, चार लोकांत पुढे आणणं, संरक्षण देणं, आव्हान असलेलं काम मिळवून देणं. दुसरा मनाशी संबंधित: आदर्श होणं, आहे तसं स्वीकारणं, ऐकून घेणं, मैत्री. पहिले दोन महिने मी दुसऱ्या गटात रमले होते, कारण तिथे मेंटॉरलाही बरं वाटतं. आता गरज पहिल्या गटाची होती, आणि तिथे मोह वेगळा होता. प्लँट हेड आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो. मी एक फोन केला असता तर आठवड्यात अधिकार वाटून झाले असते. पण मग साहेब 'मॅडमचा माणूस' झाले असते, आणि शॉपवर हा शिक्का लवकर पुसला जात नाही. शिवाय किल्ली त्यांनी स्वतः सोडली नसती, तर कागदावर कोणाचंही नाव आलं तरी रात्रीचा फोन त्यांनाच गेला असता.

म्हणून आम्ही तालीम केली. मी प्लँट हेड झाले, खुर्ची बदलली, घड्याळाकडे बघत बसले. साहेब मांडू लागले. पहिल्या खेपेला ते म्हणाले, "सर, मला फार त्रास होतोय." मी प्लँट हेडच्या आवाजात म्हटलं, "सगळ्यांनाच होतोय." दुसऱ्या खेपेला त्यांनी वही उघडून समोर ठेवली आणि 31 या आकड्यापासून सुरुवात केली.

खऱ्या भेटीत प्लँट हेडनी वही पाहिली, पानं उलटली आणि म्हणाले, "ऑडिटमध्ये काय सांगणार? सही एकाची असते तेव्हा जबाबदारी स्पष्ट असते." साहेब परत आले. खांदे पडलेले.

इथे माझ्या परचेसचा उपयोग झाला. पुरवठादारांची ऑडिटं करता करता आयएसओ 9001, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक, मला बऱ्यापैकी पाठ झालंय. 2015 च्या आवृत्तीतलं 8.6 हे कलम माल सोडण्याबद्दल आहे. ते दोन गोष्टींची नोंद मागतं: माल निकषांत बसतो याचा पुरावा, आणि तो सोडायची परवानगी ज्या व्यक्तीनं किंवा व्यक्तींनी दिली त्यांचा माग. 'किंवा व्यक्तींनी'. सही एकाचीच हवी असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट खऱ्या अडचणीची जागा दुसरीच होती: रात्री फोटो बघून सोडलेला माल आणि सकाळी मागची तारीख टाकून केलेली सही. चांगल्या ऑडिटरला हे कागद दिसले तर तो दहा मिनिटांत नॉनकन्फर्मन्स, म्हणजे नियम पाळला नसल्याचा शेरा, लिहील. मी एवढंच म्हटलं, "ते कलम पुन्हा वाचा आणि तुमचा रात्रीचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघा." बाकीचं त्यांना लगेच कळलं. कळलं तेव्हा ते घाबरले, हेही सांगायला हवं. आपणच आपल्या खात्यात भोक पाडून ठेवलंय हे पचायला दोन दिवस गेले.

दुसऱ्या भेटीत प्लँट हेडनी होकार दिला, अटी घालून. दोन इन्स्पेक्टरांचं प्रशिक्षण, त्यांची लेखी परीक्षा, अधिकृत सह्यांच्या यादीत नावं. सगळी मापं टॉलरन्समध्ये असतील तर सही शिफ्टवरच होईल. एक जरी माप बाहेर गेलं तर लाल टॅग, माल होल्डवर, निर्णय सकाळी. ग्राहकाच्या तातडीच्या मालापुरता रात्री फोन चालेल, तोही इन्स्पेक्टरनं साहेबांनाच करायचा, प्रॉडक्शननं नाही. या शेवटच्या अटीवर प्रॉडक्शन आठवडाभर रुसलं होतं. सगळं मिळून सहा आठवडे गेले. पुन्हा पंधरा दिवस वही ठेवली तेव्हा फोन 8 झाले होते.

दात

मधल्या काळातली एक गोष्ट राहिली. चौथ्या भेटीत साहेब गाल धरून आले. दाढ दुखत होती म्हणून दंतवैद्याकडे गेले होते. त्यानं दाढा बघून विचारलं, "रात्री दात खाता का?" झोपेत दातावर दात घासून दाढा झिजत चालल्या होत्या. दिवसभर ज्यांच्यावर दातओठ खाता येत नाहीत त्यांच्यावर रात्री खात होते, असं मी गमतीत म्हटलं आणि दोघंही हसलो. मग ते म्हणाले, मोबाइलवर एक चाचणी सोडवली, त्यात 'तुम्हाला बर्नआउट झाला आहे' असं आलं.

तिथे मी थांबले. जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउट आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घेतलाय, पण आजार म्हणून नाही. 2019 मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे तो कामाशी निगडित प्रकार आहे, आणि त्याची तीन अंगं सांगितलीत: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. साहेबांचं मन कामापासून तुटलं असतं तर एका परीनं बरं झालं असतं. त्यांचं काम तर अंगाला चिकटलं होतं. अर्थात हे माझं मत, आणि माझ्या मताला इथे काडीचीही किंमत नाही. खरेदी करणाऱ्या बाईनं निदान करू नये. मी एवढंच म्हटलं की तीनला जाग येणं, दात, छातीत जड वाटणं, हे सगळं डॉक्टरला एकदा सलग सांगा, तुकड्यातुकड्यानं नको. पुढची भेट मी त्यावर अवलंबून ठेवली: आधी डॉक्टर, मग मी. रक्तदाब वाढलेला निघाला. औषध, वजन, चालणं हे त्यांच्या आणि डॉक्टरांच्या मधलं.

त्यांचा आठवडा हजेरीप्रमाणे 54 तासांचा होता. फोन धरून किती, हे वही येईपर्यंत कोणी मोजलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये काढलेले आकडे मला माहीत होते: आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी जास्त. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. ज्याच्या हातात तास कमी करणं नाही, त्याला असे आकडे ऐकवून फक्त आणखी एक जागरण पदरात पडतं. प्लँट हेडच्या भेटीत मात्र ते कामाला आले.

घर

फोन कमी झाले, संध्याकाळ मोकळी झाली. आता घर ठीक होईल असं आम्हा दोघांना वाटलं. सहाव्या भेटीला साहेब आले ते पडलेल्या चेहऱ्यानं.

"आता घरी असतो, मॅडम. पण मी असलो की घरात सगळे गप्प असतात."

मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. मुलीची गणिताची वही. वजाबाकीची गणितं, हातचा घ्यायची. साहेबांनी वेळ मिळाला म्हणून हौसेनं तपासायला घेतली. चुकलेल्या गणितांभोवती लाल शाईनं गोल केले. बरोबर असलेल्यांना काहीच खूण नाही, कारण ओके मालाला टॅग लागत नाही. आणि पानाच्या तळाशी हाताच्या सवयीनं तारीख, आद्याक्षरं आणि एक शब्द लिहिला: 'रिचेक'. मुलीनं आईला जाऊन विचारलं, "रिचेक म्हणजे काय? नापास?" त्यानंतर ती वही बाबांकडे आणेना.

बायकोशीही तेच. एक बिल भरायचं राहिलं, तर साहेबांनी विचारलं कोणाकडे होतं, कधी लक्षात आलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. बायको म्हणाली, "मी तुझ्या शिफ्टवर नाहीये."

कामाचं घरात येणं तीन वाटांनी होतं, असं जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल यांनी 1985 मध्ये मांडलं होतं. एक वेळेची वाट: ऑफिसनं वेळ खाल्ला, घराला उरला नाही. दुसरी ताणाची: वेळ आहे, पण माणूस पिळून निघालाय. तिसरी वागण्याची: कामावर जे वागणं गुण ठरतं तेच घरी दोष ठरतं. पहिल्या दोन वाटांबद्दल सगळे बोलतात, कारण त्यांत माणूस बिचारा ठरतो. तिसरी जास्त खुपते. चांगला इन्स्पेक्टर कोण? ज्याला चूक आधी दिसते, जो भीड ठेवत नाही, जो कौतुकात शब्द वाया घालवत नाही. बारा वर्षं घासून घासून केलेलं हे कसब गेटवर काढून ठेवता येत नाही, ते काही हेल्मेट नाही.

आणि वेळेची वाट आम्ही बुजवली होती म्हणून ही तिसरी उघडी पडली. आधी ते घरी नसायचेच, मग वही कोण तपासणार?

या वेळी मी सल्ला दिला नाही. बायकोला फोन करून दोन शब्द बोलावेत असं मनात आलं होतं, तेही केलं नाही. मेंटॉर कारखान्याच्या गेटपर्यंतच असतो. एकच विचारलं, "घरी पोचायला किती वेळ लागतो?" पस्तीस मिनिटं. "त्या पस्तीस मिनिटांत काय करता?" दिवसभरात काय राहिलं ते मनात घोळवतो, म्हणाले.

हे घोळवणं थांबवायला त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली, आणि योगायोगानं तिच्या पाठीशी संशोधनही आहे. मासिकांपो आणि बाउमायस्टर या दोघांनी 2011 मध्ये दाखवलं की अपुरं काम डोक्यात टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं पुरं करणार याचा नेमका बेत केला की काम न संपताही टोचणी कमी होते. साहेबांनी हँडओव्हर रजिस्टरच्या शेवटच्या पानावर रोज सव्वासहाला उघडी राहिलेली कामं लिहायला सुरुवात केली. प्रत्येकासमोर कोण करणार आणि किती वाजता. नुसती यादी नाही. आधी नुसती यादी करून पाहिली होती, तिनं काही फरक पडला नव्हता.

वहीचा प्रश्न बायकोनं सोडवला. तिनं सरळ सांगितलं, अभ्यास माझ्याकडे, तू तपासायचं नाहीस. साहेबांना ते लागलं. अधिकार काढून घेतल्यासारखं वाटलं म्हणे. मी म्हटलं, सहीचा अधिकार सोडताना पण असंच वाटलं होतं ना? ते म्हणाले, "ते वेगळं." मी वाद घातला नाही. कदाचित खरंच वेगळं असेल.

नंतर

नऊ महिने संपले. शेवटच्या भेटीत साहेबांनी वही मला देऊ केली, मी घेतली नाही. कॅरासेकच्या मांडणीची चौकट असलेला कागद त्यांनी मागून घेतला. दात घासणं पूर्ण थांबलेलं नाही, रात्री दातांवर घालायचं कव्हर वापरतात. तीनची जाग आठवड्यातून एखादे वेळी येते. मुलगी वही अजूनही आईलाच दाखवते.

आणि एक गोष्ट मी धरलीच नव्हती. कार्यक्रम संपून दोन महिने झाल्यावर दुसऱ्या शिफ्टचा तो इन्स्पेक्टर, ज्याला सहीचा अधिकार मिळाला होता, माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. 27 वर्षांचा मुलगा, लग्नाला वर्ष झालेलं. म्हणाला, साहेबांनी पाठवलं. शिफ्ट साडेअकराला संपते, पण सोडलेला लॉट ग्राहकाकडे पोचेपर्यंत त्याला झोप लागत नाही. सही मिळाली, पगार तोच राहिला, आणि माल परत आला तर आता त्याचं नाव आहे.

साहेबांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं हे खरं, पण ते गेलं कुठे हे वहीत लिहायला आम्ही रकानाच ठेवला नव्हता. सहीच्या जबाबदारीसाठी भत्ता आणि महिन्यातून एकदा सोडलेल्या लॉटचा तिघांनी मिळून आढावा, असा प्रस्ताव साहेबांनी स्वतः लिहून दिलाय, माझ्या मदतीशिवाय. आढाव्याला होकार आला. भत्त्याचा कागद अजून एचआरकडे आहे.